खासबाग कशाने टिकली?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची कथा बहुधा रोमपासून सुरू होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचे कोलोसियम त्यांच्या मनात भरले आणि १९०७ ते १९१२ या काळात त्यांनी तसे मैदान आपल्या राजधानीत बांधून घेतले. ही हकीकत खरी आहे आणि मैदानाचा आकार तिच्यामुळे उलगडतो. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक. त्यामुळे पार मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव आणि प्रतिडाव नीट दिसतात. शतक उलटल्यावरही इथे हलगी कडाडते, याचे कारण मात्र रोममध्ये सापडत नाही. कोलोसियममधले खेळ सहाव्या शतकातच थांबले, दगड तेवढे उरले. खासबाग जिवंत राहिली ती तालमींच्या बळावर, असे माझे ठाम मत आहे.

याचा पुरावा कोल्हापुरातच मिळतो. महाराजांना कुस्तीइतकाच साठमारीचा नाद होता. मस्तवाल हत्तीला चिथावणारे साठमार आणि ते पाहायला लोटलेली गर्दी, हे दृश्य रोमन खेळांच्या अधिक जवळचे होते. पण साठमारी हत्तीखान्यावर अवलंबून होती आणि हत्तीखाना दरबारावर. संस्थानी वैभव ओसरले तशी ती संपली. कुस्तीचे तसे झाले नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत वस्तादाच्या नजरेखाली पोरे घडत राहिली. गावोगावच्या जत्रांत लहानग्यांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत चढती पायरी होती आणि ते इनाम गावाच्या वर्गणीतून उभे राहत होते. खासबाग ही त्या पायरीच्या वरच्या टोकाची जागा. खालची पायरी शाबूत होती, म्हणून वर येणारा मल्ल कधी कमी पडला नाही.

यावर कोणी म्हणेल, या तालमी तरी राजाश्रयाशिवाय कुठून उभ्या राहिल्या? आक्षेपात तथ्य आहे. महाराज स्वतः कुस्ती खेळलेले होते. देशभरातले मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणले, त्यांच्या खुराकाची सोय केली. मैदानाच्या उद्‌घाटनालाही पंजाबचे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड लागली होती. पण महाराज १९२२ मध्ये गेले, १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी मैदाने भरतच राहिली. राजाने लावलेली गोष्ट तोवर लोकांनी आपली केली होती. दुसरा आक्षेप असा की मातीच्या हट्टाने आपले मल्ल मॅटवर मागे पडले. मातीतली निकाली कुस्ती प्रतिस्पर्ध्याला चीतपट करेपर्यंत चालते; मॅटवर मिनिटे आणि गुण मोजतात, हा फरक मोठा आहे. तरीही कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात घडलेले खाशाबा जाधव मॅटचा पुरेसा सराव नसताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. मातीने दिलेली ताकद आणि डाव मॅटवरही चालतात, गरज असते ती मॅट वेळेवर मिळण्याची.

ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. वारशाच्या डागडुजीची चर्चा त्यानंतर होणे रास्तच आहे. पण ती चर्चा भिंतींपाशी थांबू नये. पैलवानाचा खुराक महाग झाला आहे, आणि शेतकरी बापाला पोराला तालमीत ठेवणे परवडेनासे झाले आहे. खासबागेसाठी निधी मागताना त्यातला वाटा तालमींच्या खुराकासाठी आणि मॅटसाठीही मागायला हवा. मैदान सांभाळण्याचा तोच खरा खर्च आहे.