एकच पसंती, दोन वह्या

ब्रिटनमधली लोकप्रिय गाण्यांची पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने नोव्हेंबर १९५२मध्ये छापली, ती वीसेक दुकानांना फोन करून. कोणती तबकडी किती खपली, एवढाच प्रश्न. गिऱ्हाइकाने ती घरी शंभरदा लावली काय किंवा फळीवर धूळ खात ठेवली काय, यादीला फरक पडत नसे. मार्च २०१७मध्ये गायक एड शीरनचा ‘डिव्हाइड’ हा अल्बम आला, निळ्या मुखपृष्ठावर भागाकाराचे चिन्ह मिरवत, आणि गणित बिघडले ते मात्र बेरजेचे. पहिल्या वीसांत सोळा गाणी त्याचीच, म्हणजे डीलक्स आवृत्तीतली झाडून सगळी! कारण एव्हाना यादीत स्ट्रीमिंगही धरले जात होते, आणि तिथे अल्बम सलग ऐकला, तरी प्रत्येक गाण्याच्या खात्यावर स्वतंत्र नोंद पडते. कुणी म्हणेल, लोकांना आवडला, त्यात यादीचा काय दोष? आवडला हे खरेच. स्ट्रीमिंग धरून पहिल्या आठवड्याचा खप ६,७२,०००च्या घरात गेला. पण ती पसंती अल्बमची होती, आणि अल्बमची वेगळी यादी होतीच. एकच पसंती दोन वह्यांत चढली. त्याच जुलैत नियम आला: मुख्य गायक म्हणून एकाची तीनच गाणी यादीत. तो मार्चमध्येच असता, तर सोळांतली तेरा गळाली असती.