डास नसतात तेव्हा विषाणू कुठे असतो?

पळस्पे फाट्याजवळच्या कोनसारख्या गावात भातकापणी झाली की खाचरं आटतात. लावणीच्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स विष्णुई गटातले डास मग झपाट्याने कमी होतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाहतात ते याच गटातले डास. ते रोडावल्यावर विषाणू पुढच्या पावसाळ्यापर्यंत तगतो कसा? हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्या शोधात पुण्याचा मोलाचा वाटा आहे.

सुरुवात जपानची. तिथे 1924 च्या साथीत सहा हजारांवर माणसं आजारी पडली. 1935 मध्ये विषाणू हाती लागला. 1950 च्या दशकात ब्यूशर आणि शेरर यांनी टोकियोच्या परिसरात बगळे आणि डुकरं तपासली, तेव्हा विषाणू वाढतो कुठे ते कळलं. बर्फाच्या महिन्यांचं कोडं मात्र तसंच राहिलं.

पुण्यात 1952 साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने विषाणू संशोधन केंद्र काढलं; आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. युगांडात 1937 मध्ये वेस्ट नाइल हा जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद शोधणारे स्मिथबर्न इथे आले. त्यांनी केर आणि गटणे यांच्यासह भारतीयांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली. 1954 च्या त्या निबंधातून दिसलं, की वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वराच्या खुणा आपल्या लोकांच्या रक्तात आधीच होत्या. पुढच्याच वर्षी वेल्लोरला मेंदूज्वराचे रुग्ण ओळखले गेले.

नंतर पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ढोकरी आणि गायबगळ्यांना प्रयोगशाळेत लागण करून पाहिली. बांधावर चरणाऱ्या गाईला विष्णुई गटातले डास भरपूर चावतात, पण तिच्या रक्तात विषाणू पुढच्या डासाला लागण्याइतका वाढत नाही. माणसाचंही तेच. तिच्या पायांशी नाकतोडे टिपणाऱ्या गायबगळ्याच्या रक्तात मात्र तो काही दिवस भरपूर असतो, आणि पक्षी आजारी दिसतही नाही. पण ते दिवस सरले, की पक्ष्याला प्रतिकारशक्ती येते. म्हणजे बगळा विषाणू वाढवतो, वर्षभर सांभाळत नाही. म्हणूनच 1984 मध्ये पुण्यात वटवाघूळ आणि चिचुंद्री यांच्यावरही प्रयोग झाले.

अमेरिकेत उत्तर सापांत शोधलं गेलं. थॉमस आणि एकलंड यांनी 1960 मध्ये घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू गार्टर सापांत घातला. शीतनिद्रेनंतर तो त्यांच्या रक्तात पुन्हा दिसला आणि त्यांना चावलेल्या डासांत शिरला. 1978 मध्ये रोझेन यांनी दाखवलं, की जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासाच्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जाऊ शकतो. न्यूयॉर्कला 2000 च्या हिवाळ्यात तर वेस्ट नाइल विषाणू झोपी गेलेल्या क्युलेक्स डासांतच सापडला.

एकच उत्तर सगळीकडे लागू पडेल असं मला वाटत नाही. कोकणात डास पूर्ण नाहीसे होतच नाहीत. गटारं, डबकी, उन्हाळी भाताची शेतं त्यांना पुरतात. त्यामुळे कोरड्या महिन्यांतही पक्षी आणि डुकरांमधून विषाणू संथपणे फिरत राहत असावा, असं मानणं मला जास्त पटतं. तो पकडायचा, तर डास आणि डुकरांचं रक्त जानेवारी ते मेमध्येही तपासायला हवं. आपली यंत्रणा मुख्यतः पाऊस सुरू झाल्यावर जागी होते. आरोग्य विभागाने उन्हाळी तपासणी नियमित करावी.