अमल आणि अंमल

मिस्त्रीने कार्बोरेटरचा पिस्टन बॉडीत घातला, दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवला आणि आवाज ऐकला. "ढिला झालाय बघा. बाजूनं हवा वडतोय. नुसती सुई बदलून काय हुणार न्हाई."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ही गोष्ट. माझ्या जुन्या बुलेटचा मोनोब्लॉक कार्बोरेटर कित्येक वर्षं चाललेला. गाडी गरम झाली की स्लो धरायची नाही, सिग्नलला उभं राहिलं की भडभडून बंद पडायची. पायलट जेट फुंकून झाला होता, एअर स्क्रू फिरवून झाला होता. मिस्त्रीने निदान केल्यावर बॉडी घरी आणली आणि रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासली. पन्नासेक वर्षांचं काळं किटण निघालं तेव्हा खालची उठावाची अक्षरं चकाकली: ए, एम, ए, एल. अमल.

ज्याच्यावर एवढा मळ, त्याचं नाव अमल! संस्कृतातलं अमल म्हणजे निर्मळ. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्या योगायोगाने मला शब्दकोशाकडे लोटलं आणि तिथे निराळंच घबाड हाती लागलं.

कारखान्याच्या नावाचा इतिहास सरळ आहे. १९२७ साली इंग्लंडमध्ये कार्बोरेटरवाल्या तीन कंपन्या एकत्र आल्या: ब्राउन अँड बार्लो, बिंक्स आणि ॲस्टन मोटर ॲक्सेसरीज कंपनी म्हणजे अमॅक. नव्या कंपनीचं नाव ठरलं अमाल्गमेटेड कार्बुरेटर्स, आणि त्याचं लघुरूप अमल. माझा तर्क असा की अमॅकचं शेवटचं अक्षर तेवढं बदललं की अमल होतं, हे नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात असणारच. जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेलं नाव कोण सोडतो?

पण खरी कुळकथा आहे ती या अमाल्गममध्ये. अमाल्गम म्हणजे पाऱ्यात दुसरा धातू मिसळून केलेला लगदा. भांड्यांवर, मूर्तींवर सोन्याचा मुलामा चढवायला हाच वापरत: सोनं पाऱ्यात विरघळवायचं, लेप द्यायचा, आच दिली की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. हा शब्द तेराव्या शतकातल्या युरोपी किमयागारांच्या लॅटिनमध्ये दिसतो. तिथे तो आला कुठून, यावर कोशकारांचं आजही एकमत नाही.

बहुतेक युरोपी कोश ग्रीक 'मालाग्मा'कडे बोट दाखवतात. मालाग्मा म्हणजे मऊ करणारं पोटीस, गळवावर बांधायचा लेप. पाऱ्याने सोनं मऊ पडतं, म्हणून मालाग्माचं अमाल्गमा झालं. दुसरा एक पक्ष ग्रीक 'हामा' (एकत्र) आणि 'गामोस' (लग्न) यांची सांगड घालतो. ही मला नंतर बसवलेली वाटते. किमयागारांना धातूंची लग्नं लावायची हौस फार, तिच्यातून सुचलेली.

तिसरी वाट मार्सेल देविक या फ्रेंच अभ्यासकाने १८७६च्या आपल्या कोशात सुचवली. त्याच्या मते मूळ अरबी आहे: 'अमल अल्-जमाआ', म्हणजे एकत्र आणण्याची कृती. हे वाचलं तेव्हा मी हातातला ब्रश खाली ठेवला. यातला 'अमल' आपल्या घरातला! पेशव्यांचा अंमल, अंमलबजावणी, पोलीस अंमलदार, भांगेचा अंमल, अंमली पदार्थ: सगळे याच अरबी शब्दाचे वंशज. अमल म्हणजे कृती, करणं. हुकमाची कृती झाली की अंमलबजावणी, नशेने आपली कृती दाखवली की अंमल चढला. आणि दुसरा अर्धा? 'जम', गोळा करणं, एकत्र आणणं. जमा, जमात, जमाव, जमाबंदी, जमाखर्च. देविक खरा असेल तर 'अमाल्गमेटेड' या भारदस्त इंग्रजी शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या तलाठी कार्यालयात रोज वापरात आहेत.

आता हे नुसतं आवडतं म्हणून मानायचं का? तर नाही. ११४४ साली रॉबर्ट ऑफ चेस्टरने किमयेवरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवला आणि त्यानंतर ही विद्या युरोपात अरबी शब्दांचं गाठोडं घेऊनच आली: अल्केमी, अल्कली, एलिक्झिर. अरबी 'ज' लॅटिन लेखनात 'ग'च्या अक्षराने उतरतो, हे 'अल्-जब्र'चं अल्जिब्रा होताना दिसतंच. तेव्हा 'अल्-जमाआ'चं 'अल्गमा' होणं अगदी रुळलेल्या वाटेवरचं. शिवाय 'अमल' हा शास्त्राचाच शब्द होता. अल्-सूफी या खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचं नावच 'किताब अल्-अमल बिल्-अस्तुर्लाब', अस्तरलाब हे ताऱ्यांचा वेध घेण्याचं यंत्र कसं वापरावं याचं पुस्तक. कृतीच्या पोथीत हा शब्द पानोपानी भेटणारा.

ग्रीक पक्षाकडे एक पुरावा बळकट आहे, तो दडवणं बरं नव्हे. जुन्या लिखाणात 'अल्गमाला' असंही रूप सापडतं. यातला 'अल्' सोडला की उरतो तो मालाग्माचाच, अक्षरं उलटसुलट झालेला सांगाडा. म्हणजे ग्रीक शब्द अरबांच्या घरी राहून, 'अल्' लावून परत आला असं ते म्हणतात. मान्य, पण मालाग्मा हा शब्द लॅटिन वैद्यांच्या रोजच्या वापरातला होता. ओळखीचा शब्द एवढा पिळवटायचं लॅटिन पंडितांना कारण काय? परक्या, न कळलेल्या शब्दाचीच अशी मोडतोड होते. माझं मत देविकच्या पारड्यात.

आणि हे नाव या वस्तूला शोभतंही किती! कार्बोरेटरचं काम एकच, हवा आणि पेट्रोल एकत्र आणणं. आधीच्या अमल कार्बोरेटरांना फ्लोटची वाटी वेगळी, बाजूला अडकवलेली असे. १९५५च्या सुमारास मोनोब्लॉक आला, त्यात वाटी आणि मिश्रणाची खोली एकाच ओतकामात जुळली. १९६७च्या कॉन्सेंट्रिकमध्ये वाटी सरळ जेटच्या खालीच आली. तीन कंपन्या एकत्र, दोन खोल्या एकत्र, शेवटी जेट आणि वाटी एकत्र. अमल अल्-जमाआ.

गंमत म्हणजे या ओतकामाचा धातूही जस्ताचा मिश्रधातू. त्या जातीच्या झमाक या धातूचं नाव झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुप्फर म्हणजे तांबं, या जर्मन नावांच्या आद्याक्षरांचं कडबोळं आहे. बॉडी जस्ताची, पिस्टनही जस्ताचा. एकाच जातीचे दोन मऊ धातू एकमेकांवर घासले की दोन्ही झिजतात, आणि इंजिनाची ओढ पिस्टनला सतत एकाच बाजूला दाबत असल्याने भोक गोल राहत नाही. इथे मात्र मला ग्रीकांचं मालाग्मा आठवतं: मऊ करणारं!

इलाजही धातूंचं लग्न लावण्याचाच निघाला. मिस्त्रीच्या ओळखीच्या लेथवाल्याने बॉडीचं भोक केसभर बोअर करून पुन्हा गोल केलं आणि पितळेच्या गजातून त्या मापाचा नवा पिस्टन काढला. पितळ आणि जस्त एकमेकांना चावत नाहीत. पिस्टनच्या खालची तिरपी काप जुन्याबरहुकूम राखायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती चुकली तर थ्रॉटल थोडा उघडताच मिश्रण बिघडतं. नीडल जेटवर १०६ असा आकडा होता, म्हणजे भोक ०.१०६ इंचांचं. सुई थरथरून ते लंबगोल झालेलं भिंगाखाली स्पष्ट दिसत होतं. तो जेट आणि सुई जोडीने बदलली.

मिस्त्रीने तिसऱ्या किकला गाडी उचलली, एअर स्क्रू बंद करून दीड फेरा उघडला, आणि स्लो धरला. पुसता पुसता त्याने बॉडीवरची अक्षरं बोटाने चाचपली. मी त्याला अंमलदार आणि जमाखर्चाची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मग आपलंच हाय की." आणि टिकलर दाबून पेट्रोल वर येतंय का ते बघू लागला.