दर्या आणि दऱ्या: एका अक्षराच्या बगची गोष्ट

रत्नागिरीतल्या माणसाला दर्या आणि दऱ्या यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एक पश्चिमेला, दुसऱ्या पूर्वेला, सह्याद्रीत. पण कॉम्प्युटरला हा फरक कळायला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही तो अधूनमधून विसरतो. आजचा भाग त्या बगबद्दल, आणि असे बग कंपन्यांपर्यंत पोचतात कसे त्याबद्दल.

आधी अक्षर समजून घेऊ. ‘दर्या’ लिहिताना र चा रफार होऊन डोक्यावर जातो. ‘दऱ्या’ लिहिताना तोच र आडवा होऊन य ला चिकटतो. किनाऱ्यावर, शेतकऱ्यांना, वऱ्हाड, कुऱ्हाड हे सगळे शब्द याच आडव्या र वर उभे आहेत. हिंदीत हा र नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्या इंजिनिअरला इथे काही चुकतंय हेच दिसत नाही. मराठी वाचणाऱ्याला मात्र आचाऱ्यांना जेवणाचे पैसे द्यायचे की आचार्यांना, असा प्रश्न पडतो!

भारत सरकारच्या इस्की या 1988च्या प्रमाणावरून युनिकोडमधली देवनागरीची मांडणी आली आणि 1991मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आडवा र लिहायच्या तिथे पुढे दोन वाटा झाल्या. एक म्हणजे साधा र, हलन्त, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. दुसरी म्हणजे नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. गंमत अशी की हा ऱ मुळात द्रविड भाषांमधला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. पडद्यावर दोन्ही वाटांनी ‘दऱ्या’च दिसतं. पण आत साठवलेली अक्षरं वेगळी, त्यामुळे एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर सापडेलच असं नाही. आणि एखाद्या वेबसाइटनं ‘फालतू’ समजून ते अदृश्य चिन्ह पुसलं, की शेतकऱ्यांना चं शेतकर्यांना होतं. हे तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल.

मग एक वाट बंद का नाही केली? कारण जुना मजकूर. युनिकोडनं जोडचिन्हाची वाट दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवली. एकदा दिलेलं अक्षर काढून घ्यायचं नाही हा तिथला पक्का नियम आहे. माझ्या मते तो बरोबरच आहे, नाहीतर तुमचे जुने मेसेज उद्या वाचता आले नसते. पण त्याचा अर्थ असा की उशिरा सांगितलेली चूक कायमची घरात राहते.

दुसरं उदाहरण ॲ चं. ऍ, म्हणजे ए वर चंद्र, युनिकोडमध्ये पहिल्यापासून होता. मराठीत आपण चंद्र अ वर देतो, आणि त्या अक्षराला जागाच नव्हती. लोकांनी जुगाड केला: अ टाइप करायचा आणि पुढे चंद्राची मात्रा. काही ठिकाणी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवायचं, मग ते टाळायला पुन्हा अदृश्य जोडचिन्ह! अखेर एप्रिल 2008मध्ये, युनिकोड 5.1मध्ये, ॲ ला स्वतःची जागा मिळाली. पुढच्या वर्षी, 6 नोव्हेंबर 2009ला, महाराष्ट्र सरकारनं मराठी वर्णमालेचा शासननिर्णय काढला, त्यातही ॲ आला. तोवर जुगाड सगळीकडे पसरला होता. ‘ॲप’ हा शब्द आजही तीन-चार प्रकारे साठवलेला सापडतो तो यामुळेच.

जाता जाता रत्नागिरीचा एक धागा. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते, आणि त्या काळात त्यांनी लिपीशुद्धीची चळवळ चालवली. छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून सगळे स्वर अ ला मात्रा लावून लिहा, म्हणजे अि, अी, अु, असा त्यांचा आग्रह होता. अ वर मात्रा ठेवून ॲ टाइप करणारे लोक नकळत तेच करत होते. फरक एवढाच, की छापखान्याला खिळे बदला असं तोंडावर सांगता यायचं.

कंपनीला कुठे सांगायचं? मोझिलानं 1998मध्ये बगझिला खुलं केलं, तेव्हापासून कुणीही बग नोंदवावा आणि त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहावं अशी सोय झाली. रेड हॅटनं 2004मध्ये लोहित फाँट खुले केले. त्यांचं बरंच काम पुण्यातून चाललं, तक्रारी उघड्यावर नोंदवल्या जायच्या. ज्या कंपन्यांची नोंदवही बंद असते, तिथे तुमची तक्रार वाचली गेली की नाही हेही कळत नाही.

फेब्रुवारी 2018मध्ये एका तेलुगू जोडाक्षरानं आयफोनवरची ॲप धडाधड बंद पडायला लागली. तेव्हा मोझिलात असलेल्या मनीष गोरेगावकर यांनी खोदकाम करून जाहीरपणे लिहिलं की प्रश्न एकट्या तेलुगूचा नाही. बंगाली आणि देवनागरीतही र-कारी जोडाक्षर, मग एक अदृश्य चिन्ह, मग स्वराची मात्रा, असा क्रम आला की तेच होतं. ॲपलनं 19 तारखेला, म्हणजे बातमी पसरल्यावर आठवडाभरात, दुरुस्ती दिली. सोबतच्या टिपेत ‘काही अक्षरक्रम’ एवढंच होतं, भाषेचं नाव नाही.

फोन बंद पडला की आठवडा. दऱ्याचा दर्या झाला तर काहीच बंद पडत नाही, त्यामुळे तो बग फक्त वाचणाऱ्याला दिसतो आणि त्यानंच सांगावा लागतो. सांगताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, कारण अदृश्य चिन्ह फोटोत येत नाही. शब्द कॉपी करून पेस्ट करा, कोणता कीबोर्ड आणि कोणतं व्हर्जन ते लिहा, आणि काय दिसायला हवं होतं तेही लिहा. समोरच्याला मराठी येत नसेल, हे धरूनच लिहा.

भेटू पुढच्या भागात.