मुठीतला जितळ

साल 1443. विजयनगरात राजवाड्याजवळच्या बाजारात तुम्ही उभे आहात. गादीवर आहे दुसरा देवराय. मूठ उघडून पाहा. तळहातावर तांब्याचं एक छोटं, जाडसर नाणं आहे. कडा ओबडधोबड, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला राजाचं नाव. हा जितळ.

सराफाच्या ओट्यापाशी जरा थांबा, हिशेब समजून घ्या. तीन जितळांचा चांदीचा एक तार. सहा तारांचं सोन्याचं एक फणम. दहा फणमांचा एक प्रताप आणि दोन प्रतापांचा एक वराह, म्हणजे आपला होन. एका होनाला 360 जितळ! हेरातच्या शाहरुखाचा वकील अब्दुर रझ्झाक याच वर्षी इथे आला आहे. हे दर त्यानंच लिहून ठेवले आहेत.

जवाहिऱ्यांच्या पेढ्यांवर माणकं, मोती, हिरे उघड्यावर मांडलेले आहेत. तुमच्या जितळाकडे इथे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पुढे चला. गुलाबांचा घमघमाट येतोय तिकडेच. इथल्या लोकांना गुलाब अन्नाइतकेच लागतात, असं रझ्झाक सांगतो. जितळ पुढे करा. फुलवाली तो उलटापालटा करते, अंगठ्यानं हत्ती चाचपते आणि कनवटीला लावते. "घ्या, अण्णा," म्हणत ओंजळभर फुलं तुमच्या हातात. थोड्या वेळानं तोच जितळ पानवाल्याकडे जाईल, त्याच्याकडून तेल्याकडे. संध्याकाळपर्यंत त्यानं किती घरांची नड भागवलेली असेल!

हे तांबं समुद्रावरून येतं. पुढच्या शतकात पोर्तुगीज बार्बोसा भटकळ बंदराबद्दल लिहील, की तिथे उतरलेलं तांबं घाट चढून आत जातं आणि त्याची नाणी पडतात, हंडे-भांडी घडतात. म्हणजे फुलवालीच्या कनवटीला दूरदेशीची खाण आहे.

विजयनगरची श्रीमंती आपण होनांत मोजत आलो. होन मोठ्या सौद्यांना हवाच, पण ओंजळभर फुलांसाठी तो मोडायचा कुणी? होनाचे 360 भाग करणारं हे तांबं नसतं, तर हातावर पोट असलेल्या माणसाला या बाजारात पाऊलही टाकता आलं नसतं. साम्राज्याचा थाट सोन्यानं राखला असेल. शहराची चूल पेटती ठेवली ती या तांब्यानं.