पोपायचा धनी कोण?

मुलांच्या खेळण्यांच्या मालकीविषयीं घरांत जो वाद होतो, तो बहुधा दिवेलागणीपूर्वींच मिटतो. मुलांच्या चित्रपटांच्या मालकीचा वाद मात्र पन्नास पन्नास वर्षें चालतो. आणि तो चालला असतां ज्या मुलांसाठीं हे चित्रपट काढले गेले, तीं मुलें आजोबा-आजी होऊन बसतात. दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या जुन्या कार्टूनपटांचे हक्क कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहतां वकील व व्यापारी यांच्या बैठकींतला दिसतो. परंतु थोडें खोल गेल्यास कर्त्याचें श्रेय, भांडवलवाल्याचा नफा आणि प्रेक्षकांचा अधिकार या तीन गोष्टी त्यांत एकमेकींत गुंतलेल्या आढळतात. हा गुंता उलगडून पाहण्यास, एका डोळ्यानें जग पाहणारा व पालकाची भाजी खाऊन पहिलवानांस लोळविणारा जो खलाशी पोपाय, त्याच्या चरित्रासारखें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

पोपायचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजीं झाला. एल्झी सेगर नांवाचा चित्रकार अमेरिकेंतील दैनिकांसाठीं ‘थिंबल थिएटर’ ही चित्रमालिका १९१९ पासून काढीत असे. तींत पोपाय आला तो दहा वर्षांनीं आलेला पाहुणा म्हणून; पण हां हां म्हणतां तो घरधनी होऊन बसला. मालिका प्रसिद्ध करणारी संस्था म्हणजे वृत्तपत्रांचे बडे मालक हर्स्ट यांची किंग फीचर्स सिंडिकेट. कल्पना सेगरची, रेषा सेगरची, विनोदही सेगरचा. परंतु कायद्याच्या दृष्टीनें हक्क सिंडिकेटचा. सेगर १९३८ सालीं वारला, तेव्हां त्याला चव्वेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मालिका दुसऱ्या हातांनीं पुढें चालूच राहिली. निर्माता जातो आणि मालक राहतो, हा या इतिहासांतील पहिला धडा होय.

पोपाय पडद्यावर आला तो मॅक्स फ्लायशर व त्याचा भाऊ डेव्ह यांच्या चित्रशाळेंतून. १९३२ सालीं फ्लायशरनें किंग फीचर्सशीं करार केला व १९३३ सालीं पहिला चित्रपट प्रसिद्ध झाला. वितरण पॅरामाउंट कंपनीचें. येथून मालकीची फांटाफूट सुरू होते. पात्र किंग फीचर्सचें, चित्रपट पॅरामाउंटच्या पदरीं, आणि हात मात्र चित्रशाळेंत बसून हजारों चित्रें रेखाटणाऱ्या पगारी कारागिरांचे. या कारागिरांनीं १९३७ सालीं कित्येक महिने संप केला होता, यावरून त्यांच्या स्थितीची कल्पना करतां येईल. पुढें १९४१ सालीं पॅरामाउंटनें ती चित्रशाळाच आपल्या ताब्यांत घेतली; लवकरच फ्लायशर बंधु बाहेर पडले, चित्रशाळेचें नांव बदललें, आणि १९५७ पर्यंत तेथून पोपायचे चित्रपट निघत राहिले. एकंदर संख्या दोनशेंहून अधिक भरली.

हे सर्व चित्रपट चित्रगृहांसाठीं होते. मुख्य बोलपटापूर्वीं सातआठ मिनिटें करमणूक करून ते आपलें काम संपवीत. नंतर ते कोठारांत धूळ खात पडत. पण १९५० नंतर अमेरिकेंत घरोघरीं दूरचित्रवाणी आली, आणि शाळा सुटल्यावर मुलांपुढें काय ठेवावें हा प्रश्न प्रक्षेपण केंद्रांस पडला. जुने चित्रपट स्वस्त होते व तयार होते. १९५६ सालीं असोशिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे ए. ए. पी., या कंपनीनें पोपायचे चित्रपट पॅरामाउंटकडून विकत घेतले, त्यांच्या आरंभींची पॅरामाउंटची मुद्रा काढून आपली मुद्रा बसविली आणि ते गांवोगांवच्या केंद्रांस पुरविले. जी वस्तु विकणाऱ्यानें अडगळ समजून विकली, ती घेणाऱ्यास कामधेनु ठरली. पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीनें पोपाय ए. ए. पी.चाच होता, फ्लायशरचें नांव त्यांच्यापैकीं किती जणांस ठाऊक होतें? खुद्द मॅक्स फ्लायशरनें पॅरामाउंट व ए. ए. पी. यांजवर दावा लावला, परंतु त्यांत त्याला यश आलें नाहीं.

यापुढील वंशावळ थोडक्यांत सांगतां येते. १९५८ सालीं ए. ए. पी. युनायटेड आर्टिस्ट्सनें घेतली. १९८१ सालीं ती कंपनी मेट्रो-गोल्डविन-मेयरशीं एक झाली. १९८६ सालीं टेड टर्नर यांनीं तो सारा व्यवहार घेऊन, बाकीचें विकून, जुन्या चित्रपटांचा संग्रह तेवढा स्वतःकडे ठेवला. १९९६ सालीं टर्नर यांची कंपनी टाइम-वॉर्नरमध्यें विलीन झाली. २०१८ सालीं तिच्यावर टेलिफोनच्या व्यवसायांतील ए. टी. अँड टी. कंपनीचा अंमल आला, व २०२२ सालीं वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही नवी कंपनी उदयास आली. एवढ्या हस्तांतरांत चित्रपटांत एका रेषेचीही भर पडली नाहीं.

इकडे किंग फीचर्सची अवस्था मोठी विलक्षण झाली. पात्र आपलें, त्याचा डंका घरोघरीं वाजतो आहे, आणि पैसा मात्र दुसऱ्याच्या पेटींत पडतो आहे! तेव्हां १९६० ते १९६२ या काळांत त्या संस्थेनें निरनिराळ्या चित्रशाळांकडून केवळ दूरचित्रवाणीसाठीं २२० नवे पोपायपट घाईघाईनें करवून घेतले. या प्रसंगीं एक गंमत घडली. पोपायचा प्रतिस्पर्धी ब्लूटो हें नांव पॅरामाउंटच्या मालकीचें असावें, असा समज करून घेऊन किंग फीचर्सनें नव्या चित्रपटांत त्याचें नांव ब्रूटस असें ठेविलें. वस्तुतः ब्लूटो सेगरच्या चित्रमालिकेंत १९३२ सालींच आला होता. म्हणजे तो त्यांचाच होता. आपल्याच वाड्यांतील खोली परक्याची समजून तिला कुलूप लावणाऱ्या गृहस्थास काय म्हणावें? मालकी कागदावर असते, पण तिचें ज्ञान मालकास असतेंच असें नाहीं, हा दुसरा धडा.

तिसरा धडा याहून कडू आहे. घरीं बसून पाहण्याच्या कॅसेटा निघाल्या, तेव्हां नवा प्रश्न उभा राहिला. १९३२ सालीं करार करणाऱ्यांस कॅसेटचें स्वप्नही पडलेलें नव्हतें. १९८३ सालीं फ्लायशरच्या पोपायपटांची कॅसेट काढण्याचा यत्न झाला, तोंच किंग फीचर्सनें आपला हक्क पुढें करून तो थांबविला. चित्रपट एकाचे, पात्र दुसऱ्याचें. एकावांचून दुसऱ्याचें चालेना, आणि दोघांचें जमेना. भाऊबंदकींत सांपडलेलें शेत जसें वर्षानुवर्षें पड राहतें, तसे हे चित्रपट राहिले. त्याच वेळीं त्यांतील कांहीं चित्रपट मात्र बाजारांत हव्या त्या किंमतीस मिळत होते. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणें हक्काची मुदत प्रथम २८ वर्षांची असे, व अर्ज करून नूतनीकरण न केल्यास ती कृति सर्वांची होई. अलीबाबा व अल्लाउद्दीन यांच्या कथांवरील १९३७ व १९३९ सालचे दोन रंगीत पोपायपट अशा रीतीनें मोकळे झाले. ज्यांस दोन धनी होते ते कोणासच विकत मिळेनात, आणि ज्यांस कोणीच धनी नव्हता ते घरोघरीं पोहोंचले!

मग मालकी हीच सर्व अनर्थांचें मूळ, असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मोकळ्या झालेल्या चित्रपटांच्या ज्या प्रती बाजारांत फिरत, त्यांतील बहुतेक पुसट व ओरखडलेल्या असत. कारण जें सर्वांचें, त्याची निगा राखण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. उलट २००६ सालीं दोन्ही पक्षांचा समेट झाल्यावर १९३३ ते १९३८ या काळांतील ६० पोपायपट स्वच्छ करून २००७ सालीं प्रसिद्ध झाले, आणि पॅरामाउंटची मूळ मुद्राही त्यांच्या आरंभीं परत आली. हें काम खर्चाचें व चिकाटीचें असून तें मालकानेंच केलें. तात्पर्य, दोष मालकींत नाहीं. राखण न करतां केवळ अडवणूक करणाऱ्या मालकींत आहे.

मुदतीचें चक्रही फिरतच असतें. कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षें या नियमानें युरोपांत सेगरचा पोपाय २००९ च्या आरंभीं मोकळा झाला. अमेरिकेंत प्रसिद्धीपासून ९५ वर्षें धरून १ जानेवारी २०२५ रोजीं १९२९ मधील पोपाय सर्वांचा झाला. पण त्या वर्षींच्या पोपायला पालकाची भाजी ठाऊक नव्हती. ती त्याच्या पानांत मागाहून आली. पहिला चित्रपट तेथें २०२९ सालीं मोकळा होईल. शिवाय व्यापारचिन्हाचा हक्क वेगळाच असून त्यास अशी ठराविक मुदत नसते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाहीं. १९९५ सालीं कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतांत आली, ती टर्नर यांच्याच कंपनीची. आपल्याकडील मुलांपुढें ती जुन्या संग्रहाची पेटी उघडली गेली ती या मालकीमुळेंच. आणि आपल्या घरच्या ठेव्याचें काय? मुंबईंत जन्मलेल्या विजया मुळे व चित्रकार भीमसेन यांच्या हातून १९७४ सालीं झालेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनवर पाहिला नाहीं असें त्या पिढींतील मूल विरळा. आपल्या १९५७ च्या कायद्यान्वये चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षें. त्या हिशेबानें हा लघुपट २०३५ च्या आरंभीं मोकळा होईल. २०१२ च्या दुरुस्तीनें चित्रपटांतील लेखक, गीतकार व संगीतकार यांस स्वामित्वधनाचा जो वांटा राखून ठेविला, त्यांत चित्रकाराचें नांव नाहीं. ज्या कलेंत पात्राचें चालणें, हंसणें, रुसणें हें सर्व चित्रकाराच्या बोटांतून उतरतें, तिच्यांतच त्याला वगळावें, हें न्यायाचें नव्हे.

आमच्या मतें कायद्यानें दोन गोष्टी केल्या पाहिजेत. चित्रपट कितीही हातांतून गेला तरी तो काढणाऱ्यांचीं नांवें त्यावरून पुसलीं जाऊं नयेत, व मिळकतीचा अल्प कां होईना, वांटा त्यांच्याकडे जावा, ही पहिली. आणि जो मालक ठराविक काळपर्यंत चित्रपट दाखवीतही नाहीं व जतनही करीत नाहीं, त्याचा अडविण्याचा हक्क संपावा, ही दुसरी. शेत कसणारास असा विचार आपण जमिनीपुरता पुष्कळ केला आहे; तो मुलांच्या हंसण्यापुरताही करण्याची वेळ आली आहे.