फैजपूरचे झाडूवाले आणि आपले चार व्हॉट्सअॅप ग्रुप

फैजपूर अधिवेशन म्हटलं की आपल्याकडे नेहरूंचा बैलांचा रथ आठवतो. सावदा स्टेशन, नंदलाल बोसांनी सजवलेलं टिळकनगर, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६. भुसावळहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर घडलेला हा इतिहास शाळेत दोन ओळींत संपतो. मला मात्र त्यातल्या झाडूवाल्यांबद्दल लिहायचंय.

आधी थोडं मागे जाऊ. १९०१ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात गांधी पहिल्यांदा गेले, तेव्हा स्वयंसेवकांचा कारभार बघून थक्कच झाले. एकाला काम सांगितलं की तो दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. आत्मकथेत त्यांनी हे लिहून ठेवलंय. संडासांची अवस्था भयंकर, आणि साफ करायला कुणी पुढे येईना. शेवटी गांधींनी स्वतः झाडू मागून घेतला. स्वयंसेवक भरपूर होते हो! पण कुणाचं काम कोणतं, हेच ठरलेलं नव्हतं.

हा धडा काँग्रेसला पचायला वीसेक वर्षं लागली. १९२३ मध्ये काकिनाड्याला डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं, तेव्हा कुठे स्वयंसेवकालाही शिक्षण लागतं हे मान्य झालं. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली, ही त्या कामाला मिळालेली पावतीच म्हणायची.

आणि मग फैजपूर. एप्रिलमध्ये लखनौचं अधिवेशन, डिसेंबरात फैजपूरचं. मधे जेमतेम आठ महिने, त्यातला पावसाळा वजा करा. खेड्यात ना हॉटेलं, ना नळ, ना गटारं. स्वागताध्यक्ष शंकरराव देव, गावोगावची माणसं जोडायला खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, उभारणीला म्हात्रे. सासवडच्या आश्रमातल्या प्रेमाताई कंटकांकडे स्वयंसेविका. अमळनेरची शाळा सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी खेडोपाडी प्रचार करत हिंडले, आणि अधिवेशनात त्यांनी मैला वाहण्याचं, सफाईचं काम केलं. हातात लेखणी असलेल्या माणसाने मैल्याची बादली उचलली, १९३६ च्या समाजात! जातीच्या माथी मारलेलं काम सगळ्यांचं करायचं, हा त्यामागचा हट्ट होता. मला तर फैजपूरच्या ठरावांपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

यातली गंमत बघा. आश्रमातले, खादीवाले, शाळामास्तर, शेतकरी, मुंबई-पुण्याचे कार्यकर्ते यांच्यात मतभेद कमी नव्हते. पण मतं एक व्हायची वाट बघत कुणी बसलं नाही. कामं वाटून घेतली, बस्स.

आता आपल्याकडे या. भुसावळात सेवाभावी माणसांची वाण आहे, असं कुणी म्हणू नये. उन्हाळ्यात पाणपोया लागतात, विसर्जनाला पोरं तापीवर उभी राहतात, कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. पण रात्री अकराला ओ-निगेटिव्ह रक्त लागलं की काय होतं? चार ग्रुपवर तोच मेसेज. एकाच माणसाला नऊ फोन, आणि त्याने तर गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं असतं. पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस थांबावं लागतं, हे फोन करणाऱ्याला ठाऊकच नसतं. तिकडे ज्याला कुणीच फोन केला नाही, तो घरी आरामात झोपलेला. पेशंटच्या नातेवाईकाला मात्र एकेक मिनिट जड जातं. कलकत्ता १९०१ म्हणतात ते हेच!

प्रत्येक मंडळाला आपली यादी प्यारी. बॅनर आपला, फोटो आपला, यादीही आपली. मला यात वाईट हेतू दिसत नाही, नुसती सवय दिसते.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी स्वयंसेवकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, आणि त्याच डिसेंबरात फैजपूरला ९० वर्षं होतात. कार्यक्रम होतील, हार घातले जातील. होऊ द्या. त्याआधी शहरातल्या मंडळांनी एका संध्याकाळी एकत्र बसून रक्तदात्यांची एकच यादी करावी, एवढंच माझं म्हणणं. नाव, फोन, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी. चार रकाने. आणि आठवड्यातल्या कोणत्या रात्री फोन कुणी उचलायचा, ते मंडळांनी वाटून घ्यायचं. बॅनर ज्याचा त्याचा राहू द्या.